पुनरागमनाय च

30 ऑक्टोबर 2025 च्या रात्री हिंगणघाटात फटाके वाजले. दिवाळी होऊन आठवडा उलटला होता, तुळशीचे लग्न अजून व्हायचे होते, आणि निवडणुकीचा निकालबिकालही काही नव्हता. घराघरांत उरलेल्या लवंगी माळा बाहेर निघाल्या त्या एका क्रिकेट सामन्यासाठी, आणि तोही स्त्रियांच्या. जेवण आटोपून मी पान खायला बाहेर पडलो तर कोपऱ्यावरच्या पानठेल्यावरील टीव्हीसमोर वीसपंचवीस माणसे उभी होती. त्यांत जिनिंगमधून सुटलेले कामगार होते, दोन रिक्षावाले होते, आमच्या महाविद्यालयातली काही पोरे होती. बायकांचा सामना पाहायला पानठेल्यावर गर्दी झालेली मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. पान तोंडातच विरघळले आणि मी शेवटच्या चेंडूपर्यंत तिथेच उभा राहिलो.

क्रिकेटचे वावडे असलेल्या वाचकांसाठी (साहित्याच्या प्राध्यापकांत त्यांची संख्या कमी नाही) थोडक्यात सांगतो. विश्वचषकाचा उपांत्य सामना, नवी मुंबईचे डी. वाय. पाटील स्टेडियम, समोर ऑस्ट्रेलिया. त्यांच्या धावा 338. स्त्रियांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढ्या धावांचा पाठलाग तोवर कोणीच यशस्वी केलेला नव्हता. त्याआधीचा विक्रम याच स्पर्धेत याच ऑस्ट्रेलियाने आपल्याचविरुद्ध विशाखापट्टणमला केला होता. भारताने 48.3 षटकांत 5 बाद 341 धावा करून सामना जिंकला. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद 127 धावा केल्या. तिसऱ्या क्रमांकावर आपण जायचे आहे हे तिला मैदानात उतरण्याच्या काही मिनिटे आधी कळले होते. अकराच दिवसांपूर्वी इंदूरला इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तिला संघाबाहेर बसवले होते. सामना संपल्यावर ती रडली, आणि रडत रडतच तिने सांगितले की या स्पर्धेत आपण जवळजवळ रोज रडलो आहोत, मनावर विलक्षण ताण होता, आईला फोन करून नुसते रडत असू.

झाले. गोष्ट तयार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती प्रत्येकाच्या मोबाइलवर पोचली होती, आणि पंधरवड्याच्या आत इथल्याच एका अभ्यासिकेत, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसमोर, एका वक्त्याने ती सांगितली. मी श्रोत्यांत होतो. वगळले, रडली, उठली, जिंकली: चार क्रियापदे, चार टाळ्या. प्रत्येक अश्रूची शेवटी धाव होते, असा काहीसा त्यांचा सूर होता. मुलांनीही मनापासून टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला गाठले आणि आमच्या बोलीत विचारले, "सर, ते हारली असती त तिचं रडनं कोनी आयकलं असतं?"

हा लेख त्या प्रश्नावर आहे. त्याचे उत्तर मला त्या संध्याकाळी देता आले नाही.

आधी गोष्टीकडे पाहू. साहित्याचे विद्यार्थी असल्यामुळे कथानक समोर आले की ते उसवून पाहण्याची आपल्याला खोड असते. पुनरागमनाच्या कथानकाला काही गोष्टी हव्याच असतात: एक खलपुरुष, एक अंधारी खोली, आणि एक निश्चित तारीख. या तिन्ही बाबतींत प्रत्यक्ष घटना कथानकाला दगा देते. इंदूरच्या सामन्यात जेमिमाला वगळले ते संघाला एक गोलंदाज जास्त हवा होता म्हणून. तिच्या जागी रेणुका सिंग आली. त्या स्पर्धेत ती दोनदा शून्यावर बाद झालेली होती. भारत तो सामना अवघ्या चार धावांनी हरला. निर्णय चुकला असे म्हणता येईल, अन्याय झाला असे म्हणणे कठीण. म्हणजे खलपुरुष नाही.

तारखेचे तर त्याहून गंमतीचे आहे. जेमिमा संघात परतली ती 30 ऑक्टोबरला नव्हेच. ती 23 ऑक्टोबरला न्यूझीलंडविरुद्ध परतली, याच मैदानावर, याच तिसऱ्या क्रमांकावर, आणि तिने 55 चेंडूंत नाबाद 76 धावा केल्या. पुनरागमन या शब्दाचा कोशातला अर्थ घ्यायचा तर ते त्या दिवशी झाले. पण त्याच सामन्यात स्मृती मानधना आणि प्रतिका रावल यांनी शतके ठोकली होती, त्यामुळे त्या 76 धावांची गोष्ट झाली नाही. आणि उपांत्य सामन्यानंतर तीनच दिवसांनी, 2 नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात, जेव्हा भारत दक्षिण आफ्रिकेला हरवून जगज्जेता झाला, तेव्हा जेमिमाच्या धावा होत्या 24. कथानकाने एक आठवड्याआधीचे आणि तीन दिवसांनंतरचे दोन्ही टोकांकडून कापून टाकले आणि मधला एक दिवस चौकटीत बसवला. कथानके असेच करतात. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती आपण त्या चौकटीलाच खेळ समजतो याची.

कारण या सगळ्या कल्लोळात खेळी कोणी वाचलीच नाही. तिच्या अश्रूंविषयी अभ्यासिकेतले ते वक्ते पाऊण तास बोलले. ती कशी खेळली याविषयी एक वाक्य नाही. म्हणून ते वाक्य मी इथे लिहितो: जेमिमाच्या 127 धावांत एकही षटकार नाही.

338 चा डोंगर, समोर जगातला सर्वांत बलाढ्य संघ, आणि सर्वाधिक धावा करणाऱ्या फलंदाजाने एकदाही चेंडू थेट सीमेपार भिरकावलेला नाही. 14 चौकार आहेत, त्यांच्या 56 धावा झाल्या. उरलेल्या 71 तिने पळून काढल्या. शिवाय समोरच्या फलंदाजाच्या पळून काढलेल्या धावा असतातच. त्या आपल्या नावावर लागत नाहीत, पण पायांना लागतात. त्याआधी 49.5 षटके तिने क्षेत्ररक्षण केले होते. मग दुसऱ्याच षटकात शफाली वर्मा बाद झाली आणि ही मैदानात आली ती सामना संपेपर्यंत हलली नाही. कर्णधार हरमनप्रीत कौरबरोबर 167 धावांची भागीदारी झाली, त्यात हरमनप्रीतच्या फटक्यांना जोर होता आणि जेमिमाच्या फटक्यांना दिशा. क्षेत्ररक्षक कुठे नाही ते आधी पाहायचे आणि चेंडू तिथे ठेवून द्यायचा. हे वाचनाच्या जवळ जाणारे काम आहे. शतक झाले तेव्हा तिने त्याचा सोहळाही केला नाही, कारण शंभरावर वाक्य संपत नव्हते, ते 339 वर संपणार होते.

आणि त्या वाक्यात एक खोडलेला शब्दही आहे. 82 वर असताना तिचा उंच उडालेला झेल ऑस्ट्रेलियाची कर्णधार आणि यष्टिरक्षक अलिसा हीलीच्या हातून सुटला. पुढे 106 वर आणखी एक सुटला. पानठेल्यावर त्या क्षणी जो सुस्कारा निघाला तो मला अजून ऐकू येतो. हीलीने तो झेल घेतला असता तर खेळी 82 ची झाली असती, तीही उत्तमच. सामना बहुधा गेला असता. आणि त्या रात्री कोणी ध्वनिक्षेपक तिच्यासमोर धरला नसता. अश्रू तेच, रात्री तेवढ्याच जागून काढलेल्या, आईला केलेले फोन तेच. फक्त ऐकणारे कोणी नाही. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे एक उत्तर हे आहे, आणि ते सुखावह नाही.

आपल्या भाषेत पुनरागमन हा शब्द मुळात कुठे राहतो, हेही आठवावे. गणपतीच्या उत्तरपूजेत मूर्तीवर अक्षता टाकून आपण 'पुनरागमनाय च' म्हणतो. परत येण्याचा हा शब्द निरोपाच्या वेळी उच्चारायचा आहे. जो चालला आहे त्याला, जाताना, उंबरठ्यावर सांगायचे की तुझी जागा आहे. मिरवणुकीतली लहान पोरे तेच मराठीत ओरडतात. क्रीडाजगताने आणि वर्तमानपत्रांनी तो शब्द उचलला आणि नेमका उलटा टांगला: आता तो परत आलेल्याला, तोही जिंकून परत आलेल्याला, लावायचा असतो. जाताना मात्र कोणी काही म्हणत नाही. जेमिमाला वगळले तेव्हा तिच्याजवळ कोण होते? सहकारी. तिनेच सांगितले की अरुंधती रेड्डीसमोर ती जवळजवळ रोज रडायची, आणि स्मृती सरावाच्या वेळी जवळ येऊन नुसती उभी राहायची. त्या नुसत्या उभे राहण्यात मला उत्तरपूजेतल्या अक्षता दिसतात. चाहते त्या वेळी काय करत होते, ते समाजमाध्यमांवर अजूनही वाचायला मिळेल. एक वर्ष आधी, 2024 च्या ऑक्टोबरात, मुंबईच्या खार जिमखान्याने तिचे मानद सदस्यत्व रद्द केले. तिच्या वडिलांनी तिथे धार्मिक कार्यक्रम घेतल्याचा आक्षेप होता, वडिलांनी आरोप नाकारले होते, आणि टोळधाड मात्र मुलीवर उतरली होती. त्या धाडीतले काही जण 30 तारखेला माळा लावत नसतीलच असे मला खात्रीने म्हणता येत नाही. असो.

चाहता आणि रसिक यांत आपल्याकडे जुना फरक आहे. चाहत्याला माणूस हवा असतो, रसिकाला कृती. संगीत नाटकांच्या काळात 'वन्स मोअर' असे, तो दोघांचाही होता, पण त्यात निदान पद पुन्हा ऐकण्याची ओढ होती. आजच्या जल्लोषात पद पुन्हा ऐकायचे नसते, पदामागचे दुःख पुन्हा ऐकायचे असते. रोलां बार्थने 1967 मध्ये लेखकाच्या मृत्यूची वार्ता दिली आणि आपण ती वर्गात निष्ठेने शिकवतो. मैदानावर आणि मैफलीत मात्र लेखक मरायला तयार नसतो, उलट कृतीलाच गिळून बसतो.

याचे मराठी माणसाला सर्वांत जवळचे उदाहरण कुमार गंधर्वांचे. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेला हा मुलगा मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकला, ऐन उमेदीत क्षयाने ग्रासला, 1948 मध्ये देवासला गेला, आणि काही वर्षे त्याचे गाणे बंद होते. 1953 च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले. ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही असा मराठी श्रोता विरळा. पण कुमारांचे नाव निघाले की आपण आधी फुप्फुसाविषयी बोलतो आणि मग, वेळ उरला तर, स्वराविषयी. एका फुप्फुसावर गायले, म्हणून तुकडे लहान, म्हणून दम असा घेत: हे विवेचन इतक्यांदा झाले आहे की ते समीक्षेसारखे वाटू लागले आहे. वास्तविक त्या मुक्या वर्षांत त्यांनी काय केले? खाटेवर पडून माळव्याच्या बायकांची गाणी ऐकली, त्या लोकधुनांत राग कसा निजलेला असतो ते शोधले, आणि पुढे 1965 मध्ये 'अनूपरागविलास' ग्रंथरूपाने दिला. हे काम होते. आजार त्या कामाचा प्रसंग होता, कारण नव्हे. क्षयाने त्या काळात असंख्य लोक अंथरुणाला खिळले. त्यांतला एकच कुमार गंधर्व झाला. दुःखाला कर्तृत्वाचे श्रेय दिले की कर्त्याचे श्रेय कमी होते, आणि बाकीच्या दुःखितांना आपणच कुठे कमी पडलो असे वाटू लागते. दुसरे नुकसान मला पहिल्याहून मोठे वाटते.

कुमार परतले ते पूर्वीचे होऊन परतले नाहीत, हा भागही विसरला जातो. बालवयात ते मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गात, त्यावर लोक लुब्ध होते. देवासहून आलेला माणूस कोणाचेच गाणे हुबेहूब गात नव्हता. त्यांच्या या नव्या गाण्यावर पुढे वर्षानुवर्षे वाद झाले. म्हणजे जल्लोष सरसकट झालेला नव्हता. खरे परतणे असेच असावे. त्यात ऐकणाऱ्यालाही थोडे हलावे लागते.

याच संदर्भात एक परदेशी उदाहरण मला विद्यार्थ्यांकडूनच कळले. हिंगणघाटात बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर, तोही मे महिन्यात, त्यामुळे बर्फावर नाचण्याची स्पर्धा असते यावर माझा फारसा अभ्यास नाही. फिगर स्केटिंग म्हणतात तिला. गिरकी, उडी आणि संगीत यांचा मेळ, आणि परीक्षक गुण देतात. अमेरिकेची अलिसा लिऊ 2019 मध्ये तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेती झाली, 2022 मध्ये सोळाव्या वर्षी तिने खेळ सोडल्याचे जाहीर केले, 2024 मध्ये परतण्याचे ठरवले आणि मार्च 2025 मध्ये बोस्टनला जागतिक विजेती झाली. प्रेक्षक उभे राहून ओरडत होते. ती चित्रफीत वर्गातल्या एका मुलाने मोबाइलवर दाखवली. मला त्यात उड्यांपेक्षा चेहरा पाहावासा वाटला. तिला कोणी वगळलेले नव्हते. ती कंटाळली म्हणून गेली, हवेसे वाटले म्हणून आली, आणि आता संगीत कोणते, पोशाख कोणता, सराव किती हे आपण ठरवतो असे सांगत होती. जाण्याची मोकळीक असलेल्या माणसाचे येणे वेगळे दिसते. आपल्याकडे मुलींना खेळ सोडावा लागतो तो बहुधा कंटाळ्याने नव्हे, आणि परत येण्यासाठी कोणाला तरी विचारावे लागते.

आता एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. जेमिमाने स्वतःच आपले रडणे सांगितले. मग श्रोत्यांनी ते ऐकले तर बिघडले कुठे? बिघडले काहीच नाही, फक्त तिने जे सांगितले ते नीट ऐकले गेले नाही. तिने म्हटले ते असे की हे मी सांगते आहे कारण ऐकणाऱ्यांत कोणी याच अवस्थेतून जात असेल, आणि मदत मागण्यात काही वावगे नाही. आईवडील, मैत्रिणी, ज्यांनी तिला स्वतःहून उभे राहता येत नव्हते तेव्हा धरले, त्यांची नावे तिने घेतली. देवाचेही आभार मानले, त्यावरूनही पुन्हा काहींनी तोंडसुख घेतले. तिच्या बोलण्याचा कर्ता 'मी' नव्हता, 'आम्ही' होता. क्रियापद 'जिंकले' नव्हते, 'मागितली' होते. अभ्यासिकेपर्यंत पोचेस्तोवर वाक्याचा कर्ता आणि क्रियापद दोन्ही बदलले. मदत मागा, हे वाक्य सोसा, मग जिंकाल, असे होऊन उतरले. भाषांतरातला असा घोटाळा एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत केला असता तर आपण तांबड्या शाईने खूण केली असती.

ती खूण करायला हवी, कारण तिथे बसलेल्या पोरांपुढे 338 चा डोंगर नसतो, तिथे जागा शंभर आणि अर्ज हजारो असतात. ज्यांचा झेल घेतला जाणार आहे अशांचीच बहुसंख्या त्या खोलीत असते, हे वक्त्याला माहीत असते, मुलांनाही माहीत असते.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीविषयी दोन वाक्ये लिहिली पाहिजेत. तिची परवानगी घेतली आहे, नाव देत नाही. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षानंतर ती एक वर्ष महाविद्यालयात नव्हती. या वर्षी परतली. परतण्यासाठी तिला मधल्या वर्षाचे गॅप सर्टिफिकेट करून आणावे लागले, मुद्रांकावर, साक्षांकित, त्या वर्षात आपण अन्यत्र कुठे शिकत नव्हतो आणि काही गैर करत नव्हतो अशी शपथ घेऊन. प्रवेशाच्या टेबलावर त्या दिवशी मीच होतो. कागद वरून खाली वाचून मी शिक्का मारला. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' एवढाच शब्द होता. मी तिला बस म्हटले नाही, रांग मोठी होती.